आईला समुद्राच्या आवाजात झोपायचंय : १३ माणसं, ३ रात्री, घर सुचवा

कांदेभात (१६ नोव्हेंबर, रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आईला २९ जानेवारीला ७५ पूर्ण होतायत. हॉल, तुला, फेटे, केटरर असलं काही तिला नकोय. मग काय हवंय विचारलं तर म्हणाली एकदा समुद्राला लागून असलेल्या घरात राहायचंय, हॉटेलात नाही, घरात, आणि रात्री लाटांचा आवाज ऐकत झोपायचंय. ती मूळची अकोल्याची, लग्न होऊन पुण्यात आली, समुद्र म्हणजे दादरला मावशीकडे गेलो की चौपाटी आणि एकदा एसटीने गणपतीपुळं, तेही दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत. त्यामुळे आता हे करायचंच.

माणसं १३. आई, बाबा (८०), आम्ही चौघं पुण्याहून, दादाकडचे चौघं ठाण्याहून, धाकटीचे तिघं नाशिकहून. सगळ्यात लहान भाची अडीच वर्षांची. आईचा एक गुडघा बदललाय, दुसरा रांगेत आहे, म्हणजे जिने नकोत आणि कमोड पाहिजेच. बाबांना पहाटे पाचला चहा लागतो, त्यावर तडजोड नाही. निम्मे लोक मासे खाणारे, निम्मे अंडंही न खाणारे. तारखा २४ ते २७ जानेवारी धरल्यात, प्रजासत्ताक दिनाचा लाँग वीकेंड आहे म्हणून. राहण्याचे तीन रात्रींचे मिळून पन्नास-साठ हजार, जेवण वेगळं.

गेले चार दिवस रात्री जागून साइट्स बघतेय, ब्राउझरमध्ये २७ टॅब उघडे आहेत, सगळ्यांवर बीचफ्रंट लिहिलंय आणि नकाशावर बघितलं तर एक चक्क डोंगरावर निघालं. अनुभवी लोकांनी मदत करा प्लीज.

मीठमिरची (१७ नोव्हेंबर, सकाळी ८:०५)

लाँग वीकेंड, तेरा माणसं, समुद्राला लागून, साठ हजारात आणि कमोडसहित. ताई, नोव्हेंबर अर्धा संपलाय. शुभेच्छा :-)

गंमत बाजूला. तारीख हलत असेल तर हलवा. त्याच आठवड्यात २२ तारखेला माघी गणेश जयंती पण आहे, म्हणजे कोकणात आधीच गर्दी. शनिवारची रात्र टाळून रविवार-सोमवार-मंगळवार केलंत तर तेच घर बरंच स्वस्तात मिळतं आणि मालकाला तुमच्याशी दोन वाक्यं बोलायला सवड असते.

आगाऊ_काका (१७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०)

जाहिरातीतले शब्द कसे वाचायचे ते सांगतो, दोनदा हात पोळून शिकलोय. सी-व्ह्यू म्हणजे गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहिलं की दोन माडांच्या मधून निळं काहीतरी दिसतं. सी-फेसिंग म्हणजे घराचं तोंड पश्चिमेला आहे, एवढंच, मध्ये डांबरी रस्ता, चार टपऱ्या आणि पार्किंग असू शकतं. बीच वॉकेबल म्हणजे जाताना उतार आहे, येताना तुमचं तुम्ही बघा. आणि सी-टच म्हणजे जागेची हद्द समुद्राला टेकते, घर टेकतंच असं नाही.

उपाय साधा आहे. मालकाकडून लोकेशन मागवा, नकाशा सॅटेलाइटवर टाका, घरापासून पाण्यापर्यंत बोटाने अंतर मोजा आणि मध्ये काय काय येतं ते बघा. रस्ता आहे का, ओढा आहे का, मासे वाळत घालायची जागा आहे का (असली तर वास असणार, मला चालतो, तुमच्या अंडं न खाणाऱ्यांना विचारा). आमचं पहिलं बुकिंग अलिबागकडचं, फोटोत निळंशार पाणी आणि पाण्याच्या कडेला बसलेली बाई. ते पाणी स्विमिंग पूलचं होतं. समुद्र चार किलोमीटर. पूल पाच फूट खोल, भोवती कठडा नाही, आणि आमच्याबरोबर तीन वर्षांचा नातू. तीन दिवस आम्ही आळीपाळीने पूलशेजारी पहारा दिला, समुद्र शेवटच्या दिवशी गाडीतून बघितला. अडीच वर्षांची भाची असेल तर पूलवालं घर हा पहिला काटा मारा.

दोन_कप (१७ नोव्हेंबर, सकाळी ११:१०)

गोवा का नाही? घरं भरपूर, सवय आहे त्यांना फॅमिली ग्रुपची, आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून सांगतो, गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून पगारी जीवरक्षक आहेत, झेंडे लावलेले असतात, लाल झेंडा असला की शिट्टी मारून बाहेर काढतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक गंजलेली पाटी. काही ग्रामपंचायती माणूस ठेवतात, पण ते गावागणिक. मुलं बरोबर असताना मला हे जेवणापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कांदेभात (१७ नोव्हेंबर, दुपारी १:२०)

काका, पूल कॅन्सल, नऊ टॅब बंद केले. दोन कप, मुद्दा पटला पण पुण्याहून गोवा म्हणजे आईचा गुडघा दहा तास दुमडून, ते नको. सहा-सात तासांच्या आत पोचायचंय.

बोका_नं_१ (१७ नोव्हेंबर, दुपारी ३:०२)

आधी तालुका ठरवा, घर नंतर. तुमच्याकडे पुणे, ठाणे, नाशिक असा त्रिकोण आहे, त्यामुळे कुणाचे तरी हाल होणारच.

अलिबाग-नागाव-किहीम ठाणेकरांना सोपं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, गाडी बोटीत घालायची आणि तासाभरात पलीकडे. पण लाँग वीकेंडला भाव ऐकून आईच बुकिंग रद्द करतील. दिवेआगर-श्रीवर्धन पुण्याहून ताम्हिणी-माणगाव करून जवळचं, किनारा लांब सपाट, जेवण उत्तम. एक सांगतो, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तिथेच धडकलं होतं, नारळ-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. परत लावल्यात, पण जुने फोटो बघून घनदाट सावली शोधत गेलात तर काही ठिकाणी हिरमोड होईल. मग दापोली पट्टा : केळशी, आंजर्ले, मुरूड, कर्दे, लाडघर. मग दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडली की गुहागर.

नाशिककर बिचारे कुठेही लांबच. त्यांना रेल्वेने खेड किंवा चिपळूणला उतरवा, तिथून गाडी करा. लहान मुलीला घेऊन मुंबई-गोवा हायवेने दिवसभर येण्यापेक्षा ते बरं.

चुलीवरची (१७ नोव्हेंबर, दुपारी ४:४५)

आमच्या मालवणजवळच्या देवबागाक इल्यात तर एका बाजूक समुद्र नि दुसऱ्या बाजूक कर्ली खाडी, मधी घर. दोनीकडचो आवाज फुकट. पण पुण्यासून लांब पडता, गुडघ्यावाल्या आईक नको. कधीतरी रेल्वेन कुडाळाक उतरा नि येवा.

वाडीवरून (१७ नोव्हेंबर, रात्री ९:१५)

मी दापोलीकडे छोटा होमस्टे चालवतो, नाव सांगत नाही, माझ्याकडे तेरा माणसं मावतही नाहीत, त्यामुळे जाहिरात समजू नका.

ताई, समुद्राला अगदी चिकटून घर मिळणं कठीण का असतं ते समजून घ्या म्हणजे शोध सोपा होईल. १९९१ पासून सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे नियम, आहे. आमच्यासारख्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र, २०१९ च्या नियमात दाट वस्तीच्या गावांना ते ५० मीटरवर आणलं, पण आमच्याकडे बहुतेक ठिकाणी २०० च धरतात. म्हणजे पाण्याच्या कडेला जे दिसतं ते एकतर जुनं पिढीजात घर असतं किंवा कागद नसलेलं नवं बांधकाम. दुसऱ्या प्रकारात कधी नोटीस येईल सांगता येत नाही आणि तुमचा अ‍ॅडव्हान्स अडकतो.

जुनी रीत अशी की रस्त्याला लागून घर, मागे नारळ-सुपारीची वाडी, वाडीच्या टोकाला बेडं (कुंपणातलं साधं फाटक), बेड्याबाहेर सुरूची झाडं किंवा केवडा आणि मग वाळू. घर समुद्रापासून दीडशे-दोनशे मीटर मागे. आमचे पूर्वज काही मूर्ख नव्हते. खारा वारा, वाळू, पावसातल्या लाटा, सगळं वाडी अंगावर घेते. पाहुण्यांना समुद्र खिडकीतून दिसला नाही की वाईट वाटतं, पण रात्री गाज स्पष्ट ऐकू येते, आणि समुद्राला चिकटलेल्या खोलीत एसीचा पत्रा दोन वर्षांत गंजून गळतो, गाद्या दमट लागतात, त्यापेक्षा हे बरं. तुमच्या आईंना आवाज हवाय ना, दिसायलाच हवा असं नाही? मग वाडीतलं घर शोधा.

आणि जमिनीचा उतार विचारा. आंजर्ल्यासारख्या गावात पाखाड्या आहेत, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, फोटोत फार सुंदर दिसतात. गुडघेवाल्यांनी फोटोतच बघाव्यात.

कांदेभात (१७ नोव्हेंबर, रात्री ११:०५)

वाडीवरून, खूप आभार, हे मला २७ पैकी एकाही टॅबने सांगितलं नव्हतं. आईला विचारलं, म्हणाली दिसायचं तर मी चालत जाऊन बघीन, झोपताना आवाज पाहिजे. म्हणजे वाडीतलं घर.

तिसरी_घंटा (१८ नोव्हेंबर, सकाळी ७:५०)

पैसे भरायच्या आधी हे वाचा. गेल्या वर्षी डिसेंबरात आम्ही १८ हजार घालवले. घर खरं होतं, फोटो खरे होते, फक्त आम्ही ज्याच्याशी बोलत होतो तो त्या घराचा कुणीच नव्हता. सर्चमध्ये वर आलेल्या पानावरचा फोन नंबर भामट्याचा. गोड बोलला, आधार कार्डं मागवून घेतली, कन्फर्मेशनची पीडीएफ पाठवली, मग म्हणे ख्रिसमस रश आहे, पूर्ण पेमेंट केलंत तर दहा टक्के सूट. नवऱ्याने क्यूआर स्कॅन केला. नाव वेगळंच आलं, तर म्हणाला ते आमच्या अकाउंटंटचं. आम्ही भरले! तिथे पोचल्यावर खरे मालक म्हणाले महिन्यातले तुम्ही तिसरे.

आमचा रिपोर्ट दहा दिवसांनी झाला, काही मिळालं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन केला तर पुढे गेलेले पैसे कधी कधी गोठवता येतात, हे आम्हाला नंतर कळलं. आता आमचा नियम म्हणजे मालकाला व्हिडिओ कॉल करायचा आणि म्हणायचं घरातून चालत समुद्रापर्यंत जाऊन दाखवा. खरा मालक कटकट करत का होईना दाखवतो. शिवाय वाडी केवढी, रस्ता कसा, हेही त्यातच दिसतं.

मीठमिरची (१८ नोव्हेंबर, सकाळी ९:१२)

बापरे. सॉरी टु हिअर. पूर्ण पैसे आधी मागणारा आणि घाई करणारा दिसला की फोन ठेवायचा.

अ‍ॅपवरून बुक केलंत तर पैसे जरा सुरक्षित, पण शेवटच्या पानापर्यंत जाऊन आकडा बघा. एका व्हिलाचे रात्रीचे २२ हजार दिसत होते, पुढे क्लिनिंग फी, सर्व्हिस फी, वर १८ टक्के जीएसटी. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय पण अख्खा बंगला एक युनिट म्हणून लावला की १८ बसतो. गावातल्या छोट्या घरगुती होमस्टेवाल्यांची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेखाली असते, ते लावत नाहीत.

खाडीपलीकडे (१८ नोव्हेंबर, दुपारी १२:३०)

सगळे घर-घर करतायत, पंचांग कुणीच उघडलं नाही. ताई, तारीख तिथी बघून ठरवा.

तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती. अष्टमी ८, पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला. रोज पाऊण तास पुढे सरकते, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटाचा हिशोब नाही, बंदराबंदराला थोडा फरक पडतो, पण सहलीला पुरतं.

आता तुमच्या तारखा. २५ जानेवारीला रथसप्तमी, २६ ला अष्टमी. म्हणजे मुलं झोपून उठून, दूध पिऊन संध्याकाळी पाचला किनाऱ्यावर जाणार तेव्हा पाणी चढलेलं. अष्टमीची भरती भांगाची, उधाणाएवढी वर येत नाही, तरी खेळायला सपाट ओली वाळू राहते थोडीच. उलट पुढचा आठवडा बघा. १ फेब्रुवारी, रविवार, माघी पौर्णिमा. संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची, समुद्र लांब मागे गेलेला, किनारा क्रिकेटच्या मैदानाएवढा, सूर्यास्त साडेसहानंतर. आजी वाळूवर खुर्ची टाकून बसू शकते आणि अडीच वर्षांची पोर धावू शकते. रात्री अकरा-बाराला भरती, म्हणजे झोपायच्या वेळी गाज सगळ्यात मोठी. आपला किनारा पश्चिमेला असल्यामुळे पौर्णिमेचा चंद्र पहाटे समुद्रात मावळताना दिसतो, तो बोनस. बाबा पाचला उठतातच.

ओहोटी सुरू झाली की पोहायला मात्र कुणी जाऊ नका, पाणी आत ओढतं. आणि गाडी वाळूवर नेऊ नका. दरवर्षी कुणाची तरी रुतते, भरती येते, मग ट्रॅक्टरवाल्याची चंगळ.

बोका_नं_१ (१८ नोव्हेंबर, दुपारी १:००)

खाडीपलीकडे, दंडवत. पंचांगाचा हा उपयोग आमच्या घरात फक्त आजीला माहीत होता.

कांदेभात (१८ नोव्हेंबर, रात्री १०:३५)

ठरलं! ३१ जानेवारी ते ३ फेब्रुवारी. मुलांची सोमवार-मंगळवार शाळा बुडेल, आमच्यात दहावी-बारावीवालं कुणी नाही हे नशीब. दादा म्हणाला पंचांग बघून सहल ठरवणारे आपण पहिलेच, पण कॅलेंडर काढून स्वतःच पाऊणपट करत बसला होता.

आता जागा. दिवेआगरचं एक, कर्द्याचं एक आणि गुहागरचं एक अशी तीन घरं उरलीत. मालकांना काय काय विचारू?

आगाऊ_काका (१९ नोव्हेंबर, सकाळी ८:४०)

स्वयंपाकघर आहे का असं विचारू नका, हो म्हणतात. आमच्या दुसऱ्या बुकिंगला स्वयंपाकघर होतं, ओटा होता, सिंक होतं, गॅस नव्हता. म्हणे सेफ्टी. मायक्रोवेव्हमध्ये बायकोने खिमटी केली. तुम्ही विचारा की पहाटे पाचला आम्ही आमच्या हाताने चहा करू शकतो का, सिलिंडर जोडलेला असतो का, दूध आदल्या रात्री मिळेल का.

तसंच कमोड किती, आणि तळमजल्यावर किती. चार खोल्यांत एक कमोड आणि तो वरच्या मजल्यावर, असंही असतं. बाथरूमचा फोटो मागवा, उंबरठा केवढा ते दिसतं. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं (पंखे चालतात, एसी कधीच नाही). आणि रात्री माणूस तिथे राहतो की आठला कुलपाची किल्ली देऊन घरी जातो.

वाडीवरून (१९ नोव्हेंबर, दुपारी २:२०)

काकांनी बरंच सांगितलंन. मी आमच्या बाजूने थोडं बोलतो.

माणसं खरी सांगा. नऊ सांगून तेरा येतात आणि वर दोन लहान आहेत म्हणतात, ती लहान म्हणजे एक सतरा वर्षांचा आणि एक चौदाची, दोघंही माझ्यापेक्षा उंच. पाणी विहिरीचं, टाकी त्या हिशोबाने भरलेली, जेवण त्या हिशोबाने. तेरा आहेत तर तेराच सांगा, मालक गादी वाढवून देतो, भांडण होत नाही. टेम्पो ट्रॅव्हलर आणणार असाल तर आमच्या गल्ल्यांतून तो येतो का हे आधी विचारा, ड्रायव्हरच्या झोपण्याचंही.

मासे कुठले मिळतील हे आदल्या आठवड्यात विचारू नका. सकाळी होडी काय आणील त्यावर असतं. सुरमई-पापलेट ठरवून येणारे मांदेली बघून नाक मुरडतात, आम्ही घरात मांदेलीच खातो. शाकाहारींचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का हे मात्र जरूर विचारा. जेवणाची ऑर्डर सकाळी नऊपर्यंत द्या. दुपारी एकला फोन करून तेरा उकडीचे मोदक मागितलेत तर घरची बाई तुम्हाला आणि मला दोघांनाही ऐकवते.

अ‍ॅडव्हान्स अर्धा ठीक. रद्द केलं तर किती परत, तारीख बदलली तर चालेल का, हे सगळं फोनवर बोलून झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि समोरून हो घ्या.

शून्य_मैल (१९ नोव्हेंबर, रात्री ८:१५)

विदर्भाच्या आईंना माझ्याकडून नमस्कार. आमची आई पहिल्यांदा कोकणात गेली तेव्हा तीन दिवस नारळ, नारळ, नारळ. चौथ्या दिवशी म्हणाली मला साधं तुरीचं वरण आणि ठेचा द्या नाहीतर मी चालली. ठेच्याची बाटली सोबत न्या.

कांदेभात (२३ नोव्हेंबर, रात्री ९:५०)

गुहागर बुक केलं!! दिवेआगरवाल्यांकडे गॅस नव्हता (काका, तुमचाच प्रश्न विचारला), कर्द्याचं घर छान होतं पण रस्त्यापासून २२ पायऱ्या. गुहागरचं घर रस्त्यालगत, सगळं एका पातळीवर, मागे वाडी आणि वाडीच्या बेड्यातून थेट वाळू. मालकांनी व्हिडिओ कॉलवर चालत नेऊन दाखवलं, मधे त्यांचा कुत्रा पण भेटला. चार खोल्या, दोन कमोड, दोन्ही तळमजल्यावर, रात्रीचे १६ हजार सगळे मिळून, अर्धे भरले. क्यूआरवर त्यांचंच नाव आलं. १३ माणसं म्हणून लिहून पाठवलंय, ड्रायव्हर धरून १४.

आम्ही उंब्रज-पाटण-कोयना करून कुंभार्ली घाटाने उतरणार, दादा हायवेने चिपळूणपर्यंत, धाकटी रेल्वेने चिपळूणला, तिथून पुढे ४५ किमी. आल्याच्या वड्या करायला घेतल्यात.

खाडीपलीकडे (२४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०)

उत्तम. एक दिवस हेदवीची बामणघळ करा, खडकातल्या भेगेत पाणी घुसून वर उसळतं, पण फक्त भरतीला. पौर्णिमेच्या आसपास म्हणजे अकराच्या आधी पोचा. मुलांना कडेला जाऊ देऊ नका.

कांदेभात (८ फेब्रुवारी, दुपारी ४:१०)

आलो परत. वृत्तांत द्यायला उशीर झाला, चार दिवस नुसते कपडे धुतेय, अजून कशाकशातून वाळू निघतेय.

घर व्हिडिओत दिसलं तसंच होतं. पहिल्या संध्याकाळी पाच वाजता वाडीतून बाहेर पडलो आणि समोर समुद्र इतका लांब गेलेला की भाची म्हणाली पाणी कुठंय. मालकांनी आईसाठी प्लॅस्टिकची खुर्ची वाळूवर नेऊन ठेवली, ती तीन दिवस तिथेच होती. खाडीपलीकडे, तुमचा पाऊणपट अगदी बरोबर, थोडा मागे-पुढे. दादा येणाऱ्या-जाणाऱ्या पर्यटकांना भरतीच्या वेळा सांगत होता जसा काही जन्मापासून होडी हाकतोय. बामणघळही झाली, पावणेअकराला पोचलो, पाणी असं उसळलं की वहिनींची साडी भिजली.

कुरबुरी आहेतच. एका बाथरूमचा गीझर फक्त गरम हवा सोडायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी चार तास लाइट नव्हती, पंखे चालले. शाकाहारी जेवण छान पण दोन्ही वेळा बटाटा. मासे खाणाऱ्यांना पहिल्या दिवशी मांदेली मिळाली, वाडीवरून यांचं वाचलेलं होतं म्हणून कुणी नाक मुरडलं नाही, आणि चक्क सुरमईपेक्षा ती आधी संपली. ठेचा आम्ही नेला होता, आईने हात लावला नाही, बाबांनी संपवला.

आता मुख्य मुद्दा. आई-बाबांना वाडीच्या बाजूची, समुद्राकडची खोली दिली होती. पहिल्या रात्री दहाला आई खिडकी उघडून पडली, खूश. साडेबाराला मला उठवायला आली. म्हणे, हे रात्रभर असंच चालतं का? एक लाट संपते न संपते तोवर दुसरी, मी आपली पुढच्या लाटेची वाट बघत बसते, डोळा लागत नाही. पौर्णिमेची भरती ना, अगदी भरात होती. मग रात्री एक वाजता आमची उचलबांगडी, ती स्वयंपाकघराशेजारच्या मागच्या खोलीत गेली आणि सकाळपर्यंत घोरत झोपली. तिथेही ऐकू येत होतं, पण लांबून, जरासं. पुढच्या दोन्ही रात्री तिथेच. समुद्राकडच्या खोलीत बाबा एकटे, ते कानातलं मशीन काढून झोपतात, त्यांना काय.

पहाटे मात्र दोघं चहा घेऊन वाळूवर जायचे, चंद्र पाण्यात जाईपर्यंत बसायचे. गॅस होता म्हणून जमलं ते.

आगाऊ_काका (८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००)

हा हा. म्हणजे १७ नोव्हेंबरपासून आपण सगळ्यांनी मिळून त्यांची झोप उडवायची तारीख शोधली.

खाडीपलीकडे (८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२५)

मी आवाज मोठा असेल म्हटलं होतं, झोप येईल असं म्हटलं नव्हतं. पुढच्या वेळी अष्टमी घ्या.

मीठमिरची (८ फेब्रुवारी, रात्री ९:३०)

मस्त वृत्तांत. मालकांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? एप्रिलमध्ये सासू-सासऱ्यांना न्यायचंय.

कांदेभात (८ फेब्रुवारी, रात्री ९:४८)

केलाय. गीझरचं आधी विचारा, आणि मागची खोली मागून घ्या.